वेतोबाच्या वहाणा: आरवली ते तेरेखोल, पायी

सिंधुदुर्गातल्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. म्हणून भक्त त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आपलं पाऊल-दीड पाऊल आत मावेल एवढ्या मोठ्या. नव्या वहाणा देवळात ठेवल्या की काही दिवसांनी त्यांचे तळ झिजलेले दिसतात, असं गावात सांगतात. तुमचा विश्वास असो नसो, पायी निघण्याआधी जिथे चपलांची चौकशी होते असं देऊळ मला दुसरं माहीत नाही. त्यामुळे माझी सुरुवात दरवर्षी इथूनच होते. केळ्यांचा घड देवाला, आणि त्यातली दोन केळी परत माझ्या पिशवीत.

मी रेडीची माहेरवाशीण. नोकरी मुंबईत पोस्टात झाली. निवृत्त झाल्यापासून डिसेंबर-जानेवारीत एकदा आरवली ते तेरेखोल हे अंतर मी पायी करते. पहिल्या वर्षी एकटी होते, आता भाची असते. ती मैत्रिणींना ‘आत्याबरोबर बीच वॉकला गेले होते’ म्हणून सांगते. बीच त्यात आहे, पण दिवसाचा तिसरा हिस्साच. बाकीचा दिवस मिठाचा आणि लोखंडाचा. ज्यांना नुसती वाळू हवी त्यांनी वेळागरला शहाळं पिऊन परत फिरावं, त्यात काही वाईट नाही. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

वाट अशी: वेतोबाचं देऊळ, सागरतीर्थाची पुळण, शिरोड्याचा वेळागर, मिठागरं, खाडीवरचा पूल, यशवंतगड, रेडी गाव आणि तिथला गणपती, खाणींचा मुलूख, आणि शेवटी गोव्याच्या हद्दीतला तेरेखोलचा किल्ला. वाकणं-वळणं धरून पंधरा-सोळा किलोमीटर होतात. तरुण पायांना हे काही फार नाही, पण यातलं थोडं वाळूत आहे आणि थोडं जांभ्याच्या चढावर, तेव्हा अख्खा दिवस हाताशी ठेवा. उत्तरेकडून दक्षिणेकडेच चाला. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीवर घ्यायचा. एकदा हौसेने तेरेखोलहून उलटी निघाले होते, तर वेळागरला पोचेपर्यंत डोळ्यांत वाळू आणि दातांतही वाळू.

तिथी बघा, मग तारीख

लोक सुट्टी बघून तारीख ठरवतात. इथे आधी कालनिर्णय उघडायचं आणि तिथी बघायची. आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या घरांत लहान पोरालाही येणारं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हे गणित मुंबईकडच्या पाण्याला बरोबर बसतं. आमच्याकडे खाली दक्षिणेला पाणी त्याच्या पाऊणएक तास आधी चढतं, तेवढं वजा करायचं.

आता आपल्याला काय हवंय? सकाळी पुळणीवर चालताना पाणी उतरत असावं, म्हणजे ओली, घट्ट वाळू मिळते. पंचमी घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार, त्यातून पाऊण तास गेला की तीन. पहाटे तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. षष्ठीला ती दहाच्या जवळ जाते. या दोन तिथी मला सगळ्यात सोयीच्या वाटतात. दुसरा फायदा असा की तोवर पौर्णिमा-अमावास्येचं उधाण ओसरून पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराकडे, झुकलेलं असतं, त्यामुळे दुपारची भरती फार अंगावर येत नाही. पौर्णिमेला निघालात तर ओहोटी पहाटे साडेचारच्या सुमारालाच होऊन जाते. मग तुम्ही चालायला लागता तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं आणि तुम्ही सुरूच्या मुळांत, पिठासारख्या कोरड्या वाळूत पाय ओढत असता. भाचीच्या मोबाईलवर भरतीचं कोष्टक दिसतं. ती ते बघते, मी बोटं मोजते, आणि आमच्यात पंधरा-वीस मिनिटांपलीकडे फरक पडलेला नाही.

महिना नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चपासून जांभा दहा वाजताच तापतो. पावसाळ्यात या वाटेचा विचारही करू नका. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि कड्यांची माती सुटते.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. तांदळाची भाकरी आणि कोरडी चटणी, कारण शिरोडा बाजार सोडला की वेळेवर खाणं मिळेलच अशी खात्री नाही. टोपी. पुळणीवर अनवाणी किंवा साध्या चपला चालतील, पण शिरोड्यापासून पुढे बंद बूट घाला. गडावर काटे आहेत आणि खाणीकडच्या वाटेवर धारदार खडी. बूट जुने असावेत. भाचीने पहिल्या वर्षी नवेकोरे आणले आणि यशवंतगडावर तिच्या दोन्ही टाचांना फोड. बुटांच्या रंगाबद्दल शेवटी सांगते.

कपडे कुठलेही घाला, पण पांढरे नकोत. त्याबद्दलही पुढे येईलच.

पुळण

देवळातून सागरतीर्थाकडे उतरा. सात वाजता निघालात तर सूर्य डावीकडे माडांच्या मागे असतो आणि पुळण सगळी सावलीत. पुढे हाच किनारा शिरोड्याचा वेळागर होतो. गावाची हद्द कुठे संपली ते वाळूला माहीत नसतं. डाव्या हाताला सुरूचं बन, त्याच्या पायाशी मर्यादवेल जांभळ्या फुलांनी पसरलेली. चालायचं ते पाण्याच्या रेषेपासून चार-पाच हात वर. तिथली वाळू ओली असते पण भिजून सैल झालेली नसते. टाच रुतते की नाही एवढं बघत राहिलात की घट्ट पट्टा आपोआप सापडतो.

नशीब असेल तर रापण दिसेल. होडी जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग किनाऱ्यावर दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा दोर ओढत मागे मागे सरकतात. जाळं हळूहळू जवळ येतं. यंत्र नाही, नुसते पाय आणि पाठी. इथे फोटो काढत उभं राहू नका. पिशवी खाली ठेवा आणि दोराला हात लावा. कोणी नाही म्हणत नाही. ओढणाऱ्याला वाटा द्यायचा ही रापणीची जुनी रीत आहे, आणि मला दोनदा मूठभर छोट्या मासळ्या मिळाल्या. दिवसभर मासळी घेऊन कुठे फिरणार, म्हणून मी त्या तिथल्याच एका म्हातारीच्या टोपलीत टाकल्या. तिने माझ्याकडे बघून विचारलं, “खंय चल्लात?” रेडीला, म्हटलं. “चलान? गाडी नाय गावली?” हा प्रश्न तुम्हाला दिवसभरात किमान चार वेळा विचारला जाईल. उत्तर तयार ठेवा. ‘हौस’ म्हणालात तर कीव करतात. ‘नवस’ म्हणालात तर वाट दाखवतात आणि पाणीही देतात.

वाळूत सुरूच्या बाजूला कुठे जाळी लावून राखलेला चौकोन दिसला तर लांबून जा. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात या किनाऱ्यावर अंडी घालतात आणि गावातली माणसं ती राखतात. आणि पोहायचा मोह आवरा. वेळागर दिसायला सपाट आणि शांत आहे, पण आत ओढ आहे. दरवर्षी कुणाच्या तरी घरी फोन जातो. घोट्यापर्यंत पाणी पुरे.

मीठ

वेळागरवरून आत वळा आणि शिरोडा बाजारात चहा, उसळ-पाव काय ते उरका. इथून पुढची वाट पर्यटनाच्या फलकांवर सापडत नाही. खाडीच्या अंगाला मिठागरं आहेत. बाजारात कुणालाही विचारा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला मिठागर म्हणजे चिखलाचे चौकोन वाटतात. थोडं थांबलात तर त्यातली शिस्त दिसते. भरतीचं पाणी झडपेतून आत घ्यायचं, आधी मोठ्या खणात तापवायचं, मग लहान, आणखी उथळ वाफ्यांत सोडायचं. दर पायरीला पाणी दाट होत जातं. वाफ्याचा तळ पायाने तुडवून, चोपून सिमेंटसारखा केलेला असतो, नाहीतर मीठ मातीत जातं. पावसाळ्यात बांध फुटतात, तळ बिघडतो, म्हणून दिवाळीनंतर पहिले काही आठवडे नुसती डागडुजी चालते. डिसेंबरात गेलात तर बांध घालणारी माणसं दिसतील. फेब्रुवारीपासून पुढे पांढरे ढीग. काही वाफे अजून चालतात, काही केव्हाच गवताखाली गेलेत आणि त्यांची रेघ तेवढी उरली आहे. पडक्या वाफ्यात उतरू नका. वरून कोरडा दिसतो, पण पाय पोटरीपर्यंत आत जातो. बांधावरून चालायचं, तेही चालत्या मिठागराच्या बांधावरून विचारून.

इथलं मीठ जाडं आणि करड्या छटेचं. आईचा हट्ट होता की लोणच्याला आणि मासळी खारवायला हेच. माडाच्या बुंध्यातही तेच मूठ-मूठ पडायचं.

आणि याच मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. दांडीचं नाव शाळेतल्या प्रत्येक पोराला येतं. शिरोड्याचं नाव सिंधुदुर्गाबाहेर फारसं कुणी घेत नाही. वेंगुर्ल्याचा हा पट्टा इंग्रजी मुलखात होता आणि मिठावर सरकारी कर. रत्नागिरीकडून, मुंबईकडून माणसं इथे आली, या वाफ्यांतलं मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. मेचं ऊन इथे उभं राहून आठवून बघा. एक झाड नाही. मी भाचीला म्हटलं, दहा मिनिटं टोपी काढून उभी राहा. ती तीन मिनिटं राहिली, तेही जानेवारीत.

खाडी पुलावरून ओलांडा

आता समोर खाडी आणि पलीकडे झाडीत बुडालेला यशवंतगड. तो इतका जवळ दिसतो की किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन खाडीचं मुख चालत ओलांडावं असं वाटतंच. मला वाटलं होतं. पहिल्या वर्षीची गोष्ट. ओहोटी होती, पाणी मांडीपर्यंत दिसत होतं, आणि मी रेडीची पोरगी, मला कोण सांगणार! दहा पावलं वाळूवर ठीक गेली. अकराव्याला तळ मऊ झाला, बाराव्याला गुडघ्यापर्यंत गाळ. उजवा पाय काढला तर चप्पल आतच. ओढ पायाला बाजूला ढकलत होती आणि पाठीवरची पिशवी तिला मदत करत होती. पलीकडून जाळं घेऊन येणाऱ्या एका बाप्याने जी हाक मारली ती मी इथे लिहू शकत नाही. पण त्याच्या हाकेवर मी वळले आणि त्याच पावलांनी मागे आले. एक चप्पल अजून त्या खाडीत आहे. वेतोबाला मी मनात म्हटलं, ही तुला.

तेव्हा: शिरोडा-रेडी रस्त्याच्या पुलावरून जा. अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. पुलावर एका बाजूने चाला. गाड्या वेगात असतात. कठड्यावरून खाली कांदळवन बघायला दोन मिनिटं थांबा, खंड्या हमखास दिसतो.

यशवंतगड

पूल संपला की गडाकडे जाणारी वाट विचारून घ्या. साडेअकरा-बाराला पोचलात तर बरोबर वेळेवर आहात. ऊन डोक्यावर आणि गडात गर्द सावली. डबा इथे उघडायचा.

हा उंचावरचा गड नाही. खाडीच्या मुखाशी, बंदरावर नजर ठेवायला बसवलेला. बाहेर खोल खंदक, जांभ्याची तटबंदी, आणि तटावर वडाच्या मुळांनी असा विळखा घातलेला की भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, ते सांगता येत नाही. १७४६ साली पोर्तुगीजांनी रेडी घेतली, १७५४ साली सावंतवाडीकरांना परत मिळाली, आणि पुढे १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेली. त्याआधीचा इतिहास फार लांबचा आहे. बदामीच्या चालुक्य मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचं ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे आमची रेडी असं बरेच अभ्यासक मानतात. शाळेत असताना हे कळलं तेव्हा मी आठवडाभर ताठ मानेने वावरत होते.

तटावर चढायला जिथे पायऱ्या आहेत तिथूनच चढा. मुळं धरून चढायचं नाही. जांभा वरून काळा, टणक दिसतो, पण आतून पोकळ झालेला असतो, अख्खा दगड हातात येतो. मुळांच्या सांदीत हात घालण्याआधी काठीने ठोका. सावली आपल्याला आवडते तशी सापालाही आवडते.

लोखंड

गडावरून रेडी गावात या. श्री देवी माऊलीचं देऊळ वाटेत आहे, आत जाऊन दोन मिनिटं टेका, गार फरशी आहे. मग गणपती.

आता जरा माझं ऐका. माझे वडील रेडीच्या खाणीवर खेपा मोजायचे. लोहखनिज भरलेले टिपर खाणीतून बंदराकडे जायचे, प्रत्येकामागे वहीत एक उभी रेघ, पाचवी आडवी. बंदर उथळ, मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. माल बार्जमध्ये भरायचा, आणि बार्ज लांब समुद्रात नांगरलेल्या जहाजापर्यंत. मी लहान असताना रात्री त्या जहाजांचे दिवे दिसायचे आणि आम्ही मुलं ते कुठल्या देशाचं यावर पैज लावायचो. बहुतेक वेळा जपान ठरायचं. वडील पांढरा शर्ट घालून जायचे आणि तांबडा घालून यायचे. आईने अंगणात त्यांच्या कपड्यांसाठी वेगळी बादली ठेवली होती. ती चुकून कुणी दुसऱ्या कपड्यांना वापरली की घरभर ओरड.

१९७६ साली, मी नऊ वर्षांची असताना, खाणीच्या हद्दीत गणपती सापडला. ट्रक लावून झोपलेल्या एका चालकाला स्वप्न पडलं, त्याने सांगितलेल्या जागी खोदलं आणि जांभ्यात कोरलेली मूर्ती निघाली. तारीख १८ एप्रिल. मूर्ती बसलेली, आणि हात दोनच. आपल्या नेहमीच्या चार हातांच्या गणपतीपेक्षा वेगळी. पुढे उंदीरही सापडला, तोही चांगला मोठा. त्या दिवसांत गावात इतकी माणसं आली की वडिलांच्या वहीतल्या रेघा थांबल्या. आता तिथे रीतसर देऊळ आहे, गाड्या लागतात, नारळ-उदबत्तीची दुकानं आहेत. दर्शन घ्या, आणि मग देवळाच्या आवारातून बाहेर येऊन आजूबाजूची माती बघा. जमीन जिथे कापलेली आहे तिथे रंगांचे थर दिसतात: वर जांभा, मग पिवळट, मग जवळजवळ काळा जांभळा. तो जांभळा थर म्हणजे पैसा होता.

खाणींच्या मुलखात चालायचे माझे नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. खाण चालू असो की बंद, कुंपणाच्या आत जायचं नाही. सोडलेल्या खड्ड्यांत पाणी भरून सुंदर हिरवी तळी झालेली असतात. त्यांच्या काठावर जायचं नाही, पाण्यात उतरायचं तर नावच नको. ती माणसाने उभी कापलेली आहेत, नदीसारखा उतार नाही. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसऱ्याला तळ नाही. आणि वरची कड ही सैल मातीची, टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्याची. पावसाने आतून पोखरलेली असते. सार्वजनिक रस्त्यावरून, गाववाटेवरून जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे: गंजून पापुद्रे सुटलेले पत्रे, काजूच्या झाडांनी परत मागून घेतलेले उतार, मालाच्या ढिगांवर उगवलेलं गवत. रेडीत पुढे लोखंड वितळवायचा कारखानाही आला. तोही थंडावला. या सगळ्याकडे बघून हळहळावं की बरं वाटावं, याबद्दल आमच्याच घरात दोन तट आहेत. काकाचं म्हणणं, खाणीने विहिरी तांबड्या केल्या. वडील म्हणायचे, त्याच तांबड्या पाण्यावर तुझी पोरं शिकली. दिवाळीत दोघं एका ताटाशी बसायचे आणि हा विषय निघायचाच.

भाचीला इथे फोटो फार आवडतात. मी तिला दहा मिनिटं देते. सावल्या लांबायला लागल्या की तेरेखोल गाठायचंय.

कडे आणि तेरेखोल

तीन-साडेतीनला रेडी सोडा. पुढचे पाचेक किलोमीटर रस्ता टेकाडावरून जातो, काजू आणि करवंदीच्या जाळ्यांतून. किनाऱ्याने जाता येईल का, हा प्रश्न सगळे विचारतात. नाही. खाली खडक आहेत, दुपारची भरती नुकतीच होऊन गेलेली असते आणि कडा थेट पाण्यात उतरतो. रस्त्यानेच चला, आणि जिथे गुरांची वाट समुद्राकडे उघड्यावर जाते तिथे कड्यापर्यंत जाऊन बघून या.

कड्यावर एक गोष्ट पाळा. जांभा खालून खचतो. लाटा आणि झिरपणारं पाणी खालचा मऊ थर नेतात आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो. तुम्ही भक्कम कातळावर उभे आहात असं वाटतं, आणि खरं तर हवेत असता. कडेपासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवा. जमिनीला कडेशी समांतर भेग दिसली तर त्या भेगेच्या अलीकडे थांबा. सेल्फीवाल्यांना हे सांगून उपयोग नसतो, म्हणून मी भाचीची ओढणी धरून उभी राहते.

वरून जे दिसतं ते मात्र या सावधपणाच्या लायकीचं आहे. तांबडा कडा, खाली काळे ओले खडक, पाठीमागे रेडीचा किनारा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड एकदा आमच्या पायाखालून गेला. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं हे काही रोजचं नाही.

महाराष्ट्र कुठे संपला ते पाट्या आणि दारूच्या दुकानांवरून समजतं. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला, गोव्याचा एवढाच तुकडा आहे. किल्ला मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला तो परत दिलाच नाही. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला. गोवा मोकळा व्हायला त्यानंतर १९६१चा डिसेंबर उजाडावा लागला. सकाळी मिठाचा सत्याग्रह बघितला, संध्याकाळी हा. मध्ये दिवसाची चाल आणि चोवीस वर्षं. किल्ल्यात हॉटेल थाटलेलं, त्यामुळे आत किती फिरता येईल हे त्या दिवशीच्या रखवालदारावर. बाहेरच्या उतारावरूनही नदीचं मुख आणि पलीकडची केरीची पुळण पूर्ण दिसते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. पाऊण तास आधी बसायला जागा धरा.

परत कसं यायचं

हे सकाळीच ठरवून ठेवा, संध्याकाळी पाय दुखत असताना नाही. गोव्याकडे जायचं असेल तर तेरेखोल-केरी फेरीबोट पकडा आणि पलीकडून पेडणे-म्हापशाकडची बस. फेरीची वेळ पोचल्या पोचल्या धक्क्यावर विचारा, सूर्यास्त बघून झाल्यावर नाही. सिंधुदुर्गातच राहायचं असेल तर रेडीपर्यंत रिक्षा, आणि तिथून शिरोडा, वेंगुर्ला किंवा सावंतवाडीची एसटी. शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी शिरोडा स्टँडवर विचारून कागदावर लिहा. छापील वेळापत्रकाने मला एकदा रेडी तिठ्यावर दीड तास बसवलं होतं. शेवटी मासळीच्या टेंपोत मागे बसून आरवलीला आले. अंगाला दोन दिवस बांगड्याचा वास होता. रिक्षावाल्याचा नंबर सकाळीच घेऊन ठेवला असता तर ते टळलं असतं. रेल्वेने येणाऱ्यांना सावंतवाडी रोड स्थानक जवळ पडतं. रात्रीची गाडी काढली असेल तर किल्ल्यावरून साडेपाचलाच उठा, सूर्याला राम राम करून.

घरी गेल्यावर बूट उलटे करून आपटा. आतून आधी वेळागरची वाळू पडेल, मग रेडीची भुकटी. मोजे तुम्ही कितीही गडद घातले असलेत तरी तांबडेच निघतील. ते इतर कपड्यांत टाकू नका. वेगळ्या बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या, आणि पुन्हा भिजवा. तिसऱ्या पाण्याला साबण.